आवाज नसलेली नोंद

मानद परीक्षक म्हणजे फुकटातला हमाल, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. तरी नगरच्या एका संस्थेनं मुलांसाठी मराठीत ज्ञानकोश काढायचं ठरवलं आणि भिंगारच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या मला नोंदी तपासायला बोलावलं, तेव्हा मी हुरळले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यातल्या मुलांनी जिल्ह्यातल्या शिक्षकांनी लिहिलेला कोश वाचायचा, अशी कल्पना होती. कल्पना चांगलीच होती. तिची वाट कुणी लावली ते सांगते.

पद्धत अशी. तालुक्यातालुक्यातले शिक्षक नोंदी लिहून पाठवायचे. संस्थेच्या कचेरीत एक गृहस्थ कात्री घेऊन बसायचे आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावरचं लेखकाचं नाव कापून ठेवायचे. मग ती बिननावाची नोंद दोन परीक्षकांकडे जायची. कुणी लिहिलंय ते कळायला नको, म्हणजे निकाल निःपक्षपाती. अध्यक्षांना या कात्रीचा फार अभिमान होता. ते निवृत्त प्राध्यापक, आवाज एकदम मधाळ, भाषणात समता हा शब्द आल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. नाव कापलं की जातही कापली जाते, असं त्यांना मनापासून वाटत असावं.

परीक्षकानं तीनपैकी एक शेरा द्यायचा: 'घ्यावी', 'दुरुस्तीसाठी परत' किंवा 'बाद'. एकदा का नोंद बाद झाली की त्या लेखकाला दुसरा विषय मिळायचा नाही आणि कोशाच्या पहिल्या पानांवर छापायच्या लेखकांच्या यादीतून तो गेलाच. तपासायचं काय, तर माहिती बरोबर आहे का, पुरी आहे का, मुलांना समजेल का, आणि लिहिणाऱ्यानं स्वतःचं मत मध्ये घुसडलंय का.

आता त्या नोंदीकडे येते. 'दूरचित्रवाणी' या विषयाखाली मुलांच्या आवडीच्या एखाद्या कार्टूनमधला एखादा भाग द्यावा, असं मंडळातल्या एका तरुण सभासदानं सुचवलं. अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण नवं काही केल्यासारखं दिसेल म्हणून हो म्हणाले. त्या वेळी रविवारी सकाळी एक परदेशी कार्टून हिंदीतून लागायचं. डोंगरातला एक म्हातारा, त्याची नात आणि त्यांचं गाढव. त्यातला पुलाचा भाग जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या पोरांना माहीत होता. दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा दाखवला तरी रस्ते ओस पडायचे.

मला तो भाग पाठ होता. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन नोकरीला होते, त्यामुळे आमच्या क्वार्टरमध्ये टीव्ही लवकर आला. पुढं माझ्या घरी माझा मुलगा तो बघायचा आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकायची. खरं सांगायचं तर मी तो बघितला कमी आणि ऐकला जास्त. गोष्ट अशी: म्हातारा आणि गाढव बर्फाच्या वादळात सापडतात. म्हाताऱ्याचा पाय मोडतो, ते त्याच्या बोलण्यातूनच कळतं. समोरचा लाकडी पूल तुटायला आलेला. गाढव त्याला सोडून जाईना, म्हणून म्हातारा काठी उगारतो, दगड मारतो आणि ओरडतो, "जा बेटा, घर जा, मेरी फिकर मत कर." गाढव एकटं घरी जातं, दारात उभं राहतं. नात काय ते ओळखते, गावकऱ्यांना घेऊन जाते आणि म्हाताऱ्याला फळीवर बांधून, अलगद उचलून खाली आणतात. मुलगा दर वेळी रडायचा आणि दर वेळी माझ्या पदराला नाक पुसायचा.

कर्जत तालुक्यातून आलेली ती बिननावाची नोंद मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर वाचायला घेतली. पहिल्या परिच्छेदालाच मी खूश झाले. अक्षर स्वच्छ, वाक्यं छोटी, चौथीच्या पोराला घडाघडा वाचता येईल अशी. गाढवाचा डावा कान फाटलेला आहे, नातीच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे आहेत, पुलाच्या दोरखंडाला मध्येच एक गाठ आहे. एवढ्या वर्षांत मला यातलं काही दिसलं नव्हतं.

आणि पुढं वाचलं तर डोकंच फिरलं. म्हातारा गाढवाला काठीनं आणि दगडानं मारतो, कारण ते आता थकलं आहे आणि त्याला नकोसं झालं आहे. तोंड वाकडंतिकडं करून तो त्याला हाकलून देतो. गाढव बिचारं घरी जाऊन नातीपुढं उभं राहतं. नातीला अन्याय कळतो. ती गाव गोळा करते. गावकरी डोंगरावर जाऊन म्हाताऱ्याला पकडतात, फळीला बांधतात आणि खाली आणतात. शेवटी लिहिलं होतं: 'या भागातून मुलांना समजते की मुक्या जिवावर हात उचलणाऱ्याला गाव सोडत नाही.'

मी दोनदा वाचलं. हसावं की रडावं कळेना. पूर्ण नोंदीत म्हाताऱ्याचं नाव नव्हतं, नातीचं नव्हतं, गाढवाचं नव्हतं. पोरांच्या तोंडी असलेलं सुरुवातीचं गाणं नव्हतं. कुणी कुणाशी एक शब्द बोललेला नव्हता. मी शेरा दिला 'दुरुस्तीसाठी परत', आणि खाली लिहिलं की भाषा उत्तम, निरीक्षण उत्तम, पण शेवट उलटा लागला आहे. संवाद लक्ष देऊन ऐकावेत. आज मला त्या शेवटच्या तीन शब्दांचा राग येतो, पण तेव्हा माझ्यापुढं जो कागद होता त्यावर दुसरं काही लिहिता आलं नसतं.

दुसरे परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी एका ओळीत विषय संपवला: 'बाद. लेखकाने हा भाग पाहिलेलाच नाही.'

दोन परीक्षकांचं जुळलं नाही की लेखकाला मंडळापुढं बोलावून विचारायचं, असा नियम होता. त्याप्रमाणे नगरला वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक ठरली. मी जरा लवकर गेले तर जिन्याशेजारच्या बाकावर एक बाई बसलेली. पंचविशीची असेल. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात संस्थेचं पत्र. एसटीनं आली होती आणि चेहऱ्यावर प्रवासाची धूळ तशीच होती.

"कार्टूनची नोंद माझी हाय, मॅडम," ती म्हणाली. "बघितलं न्हाई म्हणून लिहिलंय पत्रात. न बघता लिहीन का मी?"

मी सांगून टाकलं की दोघांपैकी एक परीक्षक मी आहे, आणि ते वाक्य माझं नाही. तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग विचारलं, "हे पुस्तक सगळ्या शाळांत येणार ना?" मी म्हटलं, येणार, जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत एक प्रत. ती म्हणाली, "पोरांना सांगून ठिवलंय मी, तुमच्या बाईंचं नाव छापून येणार म्हणून. वडलांनाबी सांगितलंय. आमच्या वस्तीतलं नाव अजून कुठल्या पुस्तकात छापलेलं न्हाई."

वस्ती हा शब्द तिनं ज्या सुरात उच्चारला त्यावरून मला कळायचं ते कळलं. मी पण त्याच घरातली. आमच्या आजोबांनी छप्पन्नला दीक्षा घेतली, मग वडिलांना डेपोत नोकरी, मग क्वार्टर, मग टीव्ही. आमची गाडी पुढं निघून आली होती एवढंच. "जय भीम," मी म्हटलं. तिनं चटकन मान वर केली, "जय भीम, ताई," म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून सरळ बसली.

बैठक सुरू झाली. अध्यक्ष, मुख्याध्यापक, तो तरुण सभासद, मी, आणि कात्रीवाले गृहस्थ टिपणं घ्यायला. चहा आला. तिच्यापुढंही कप ठेवला, कारण अध्यक्षांच्या समतेत चहा बसत होता.

मुख्याध्यापकांनी प्रश्नांची फैर झाडली. गाढवाचं नाव काय? माहीत नाही. नातीचं? माहीत नाही. गाणं कुठलं? माहीत नाही. मुख्याध्यापक आमच्याकडं बघून हसले. "बाई, सुरुवातीचं गाणं माहीत नसलेलं पोर दाखवा मला जिल्ह्यात."

"दाखवते की," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली निम्मी पोरं दाखवते. आमच्याकडं आवाज येत न्हाई, सर."

"संच बिघडलाय का?"

"संच चांगला हाय. काच बंद असते."

कुणाला काही समजलं नाही. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना हळूहळू तिची पुस्तकी मराठी मागं पडत गेली. तिच्या वस्तीवर लाईट नाही. खांब ओढ्याच्या अलीकडंच थांबले. टीव्ही आहे तो गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या नव्या स्लॅबच्या बंगल्यात. रविवारी गावातली पोरं आत फरशीवर बसतात. वस्तीवरची पोरं बाहेर, अंगणात, खिडकीसमोर. खिडकीला हात लावायचा नाही. काच लावून घेतात, पडदा तेवढा घरातली सून सरकवते, आणि तेवढ्यासाठी पोरं तिला देवमाणूस म्हणतात. ती स्वतः लहानाची मोठी अशीच टीव्ही बघत झाली, आधी दुसऱ्या एका घराच्या खिडकीतून, मग या बंगल्याच्या. म्हातारा काठी उगारतो, तोंड फाडून ओरडतो, दगड मारतो, एवढं दिसतं. काय ओरडतो ते दिसत नाही. मग लोक येतात आणि त्याला फळीला बांधतात.

"तुमाला फळी बघितल्यावर काय वाटलं आसतं?" तिनं विचारलं.

तरुण सभासद आपला कप बशीत गोल फिरवत राहिला. मला तर वाटत होतं समोरचा कप उचलून भिंतीवर मारावा. मुख्याध्यापक मात्र थांबायला तयार नव्हते. "पण बाई, तुम्ही आत का नाही गेलात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नगर जिल्ह्यात जन्म काढलेला माणूस, तालुक्यातालुक्यात मुख्याध्यापक राहिलेला, आणि हे विचारतो. मी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, ते तुमीच सांगा."

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, खरं तर कुणी बोलतच नव्हतं. मग मध ओतायला सुरुवात केली. "हे बघा, ताई, आपल्याला वाईट वाटणं साहजिक आहे. पण काच कदाचित धुळीसाठी लावत असतील. आणि तुमच्या लहानपणी असेल हे. आता कुठं राहिलंय असं काही?"

"लहानपणी कुठं, सर? मागच्या महिन्यातला रविवार. तुमचं पत्र आलं, नोंद लिहायची म्हटलं, म्हणून भाग पुन्हा लागला तवा मुद्दाम बघून आले. तिथंच उभी राहून."

"शिक्षिका असून तुम्हाला…" अध्यक्ष म्हणाले आणि थांबले.

"त्या घरातला पोरगा माझ्या वर्गात हाय. हुशार हाय लई. आत फरशीवर बसला हुता. मला बघितलं त्यानं, उठून उभा राहिला, वर्गात राहतो तसा. तोंड हललं त्याचं. काय म्हणला ते ऐकू आलं न्हाई."

मी कात्रीवाल्या गृहस्थांकडं बघितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं होतं. त्यांना मी म्हटलं, लिहा की, थांबलात का, हेच तर लिहायचं असतं. ते अध्यक्षांकडं बघायला लागले.

मी मग माझं म्हणणं मांडलं. जरा चढ्या आवाजातच मांडलं असेन. म्हटलं, ही नोंद चुकीची नाही. आवाजाशिवाय जेवढं दिसतं तेवढं बिनचूक लिहिलंय, आपल्यापैकी कुणाला मोजे दिसले होते का सांगा. नोंद आहे तशी छापा. खरा शेवट खाली द्या, आणि वर एक वाक्य घाला: 'ही नोंद बंद काचेच्या बाहेर उभे राहून पाहिलेल्या भागाची आहे.' जिल्ह्यातल्या मुलांचा कोश म्हणता ना? ही पण जिल्ह्यातलीच मुलं आहेत.

"कोशात असं लिहीत नसतात," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग कसं लिहितात? सगळ्यांना सगळं ऐकू येतं असं?"

"बाई, तुम्ही व्यक्तिगत घेऊ नका," अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले. व्यक्तिगत म्हणजे काय ते मला चांगलं कळलं. नोंदीवरचं नाव कापलेलं होतं, परीक्षकाचं नव्हतं. "कोश मुलांच्या हातात जायचाय. त्यात कटुता नको. मी एक मधला मार्ग सुचवतो. नोंद चांगलीच आहे. तुम्हाला संवाद पाठ आहेत, ते तुम्ही घाला, गाण्याचा उल्लेख घाला, शेवट दुरुस्त करा. आणि नाव," ते तिच्याकडं बघून प्रेमळ हसले, "नाव या ताईंचंच राहील. संपूर्ण श्रेय त्यांचं. काय, आहे की नाही समतेचं?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. तरुण सभासदाला सुटल्यासारखं झालं, त्यानं उरलेला चहा पिऊन टाकला. माझ्या मनात काय आलं ते सांगते. चिडले तर होतेच, पण वाटलं, जाऊ दे, तिचं नाव येतंय ना. पोरांना सांगून ठेवलंय, वडिलांना सांगून ठेवलंय. काचेचं वाक्य नाही तर नाही, निदान नाव तरी त्या बंगल्यातल्या पोराच्या हातात पडेल. मी तिला म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं. माझी तयारी आहे."

तिनं मलाच विचारलं, "ताई, तो म्हातारा काय म्हणत हुता?"

मी सांगितलं. जा बेटा, घरी जा, माझी काळजी करू नको. पूल तुटायच्या आत ते सुटावं म्हणून त्यानं दगड मारला होता. फळी बांधली ती त्याला वाचवायला.

मला वाटलं, ती विरघळेल, डोळे पुसेल. तसलं काही झालं नाही. उलट तिचा चेहरा इतका संतापला की अध्यक्षांनी खुर्ची जराशी मागं घेतली. "आमी त्याला शिव्या देत हुतो," ती म्हणाली. "वस्तीवरचं एकेक पोरगं. अंगणात थुकायचो त्याच्या नावानं. एवढा चांगला माणूस, आन् आमच्यापर्यंत त्याचा चांगुलपणासुदिक येऊ दिला न्हाई यांनी."

मग उठली. पिशवी खांद्याला लावली. "बाद करा, सर," म्हणाली.

अध्यक्षांनी समजावून पाहिलं, उगाच भावनेच्या भरात, वगैरे. ती जिना उतरून गेली सुद्धा. मी माझ्या शेऱ्याचा कागद ओढून घेतला, 'दुरुस्तीसाठी परत' खोडलं, 'घ्यावी' लिहिलं, सही केली आणि त्यांच्यापुढं टाकला. म्हटलं, माझ्याकडं यापुढं नोंदी पाठवू नका. त्यांनी तो कागद बघितलाही नाही. पुढची नोंद कुठली, असं विचारत होते.

ती मला माळीवाड्याच्या स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर सापडली. उन्हातून भराभरा चालली होती. मी धापा टाकत तिला गाठलं आणि, माझं डोकं अजून तापलेलंच होतं, सगळा राग तिच्यावरच काढला. म्हटलं, काय केलंस हे तू? एवढं पदरात पडत होतं ते घालवलंस. त्यांचं काय गेलं? त्यांचा कोश निघेलच. नाव तुझं आलं असतं, वडिलांनी डोळे भरून बघितलं असतं, पोरांना काय सांगशील आता?

ती थांबली. माझ्यावर रागावली नाही, तिचा राग माझ्यापेक्षा बऱ्याच आत होता.

"ताई, नाव आलं आसतं ना," ती म्हणाली. "नाव माझं, आन् त्याच्या खाली सगळी गाणी, सगळं बोलणं. उद्या त्या घरातलं पोरगं वाचून म्हणंल, बाईंना तर सगळं ऐकू येत हुतं."